काचेवरचं मीठ

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोजल्या, पण मुळशीतल्या त्या एका पावसाळ्यात मी नेमकं काय मोजलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. कागदोपत्री विचाराल तर मी हवेतलं मीठ मोजत होतो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन पुण्यातल्या एका हवामानाच्या कचेरीत साहाय्यक म्हणून चिकटलो होतो आणि तिथल्या आमच्या साहेबांनी ढगांना मीठ चारून पाऊस पाडायचं मनावर घेतलं होतं. घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. शेजाऱ्यांना ते मी सरकारी नोकरीत आहे एवढंच सांगायचे.

कल्पना तशी साधी होती. समुद्रावर लाटा फुटतात, तुषार उडतात, त्यांतलं पाणी उडून जातं आणि डोळ्यांना न दिसणारा मिठाचा कण वाऱ्यावर राहतो. असा कण ढगात शिरला की आपल्याभोवती पाणी धरतो, जड होतो आणि वाटेतल्या बारक्या थेंबांना पोटात घेत खाली येतो. ज्या ढगात असे कण नाहीत तो ढग नुसताच डोक्यावरून निघून जातो. तेव्हा पिठासारखं दळलेलं मीठ डोंगरावरून वाऱ्यात सोडावं, म्हणजे तो कोरडा जाणारा ढगही पाऊस देईल, असं साहेबांचं म्हणणं. पण त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी होती. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाऱ्यात मुळातच मीठ किती असतं? कमी असलं तर पुढच्या पावसाळ्यात मीठ उडवायचं यंत्र मुळशीच्या डोंगरावर येणार. भरपूर असलं तर ते दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात जाणार. हे ठरायचं होतं काचेच्या पट्ट्यांवर, आणि पट्ट्या होत्या माझ्या गळ्यात.

या पट्ट्या करणं म्हणजे अर्धा स्वयंपाकच. जिलेटिन भिजत घालायचं, उकळत्या पाण्यात भांडं धरून ते विरघळवायचं, अंधारात त्यात चांदीचा एक क्षार मिसळायचा आणि काचेवर ते असं ओतायचं, की दुधावर नुकती धरलेली साय वाटावी. पातळ आणि सगळीकडे सारखी. ही पट्टी वाऱ्यात धरली की तिच्यावर आदळलेला मिठाचा प्रत्येक कण त्या सायीत मुरतो आणि आपल्याभोवती एक पांढुरकं वलय काढतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही वलयं मोजायची. मोठं वलय म्हणजे मोठा कण. साय जाड झाली तर वलय आक्रसतं, पातळ झाली तर पसरतं, आणि एकीकडे जाड नि एकीकडे पातळ झाली तर पट्टी फेकून द्यायची. पुण्यात मला हे उत्तम जमायचं. मुळशीत साय वाळेचना. हवाच इतकी ओली, की दोन दिवसांत तिच्यावर बुरशी धरायची, आणि बुरशीतून वाचली तर मुंग्या येऊन कडा खाऊन जायच्या. मी मुळात चिडका माणूस. त्या पहिल्या आठवड्यात मी मुंग्यांना इंग्रजीतून शिव्या दिल्या.

पौडच्या पुढं एस.टी. जिथवर जाईल तिथवर जायचं आणि मग चिखल तुडवत तळ्याच्या कडेकडेनं चालायचं, तेव्हा कुठं आमचं मुक्कामाचं घर यायचं. घर चढावर होतं. पडवी मला दिली होती आणि अंगणाच्या टोकाला माझं लाकडी खोकं होतं, वर छोटं छप्पर, पुढं उभी फट. फटीमागं पट्टी बसवायची, खोक्याचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि अर्धा दिवस त्याला सोडून द्यायचं. तेवढ्या वेळात मी डोंगरावर जाऊन पर्जन्यमापक पाहून यायचो. घरात दोनच माणसं. घरधनी सत्तरीला टेकलेले, कमी ऐकणारे आणि त्याहून कमी बोलणारे. त्यांना मी काका म्हणायचो. त्यांची बायको पन्नाशीची, अंगानं वाळकी, आवाजानं खणखणीत. ती माझी मावशी. तिच्या हातचं कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी खाऊन मी त्या ओल्या मुलखात माणसात राहिलो.

घराच्या खाली एक भाताचं खाचर होतं आणि खाचराच्या खाली तळं. धरण झालं तेव्हा या घराची खालच्या अंगाची सगळी जमीन पाण्यात गेली होती. उरलं होतं ते हे एकच खाचर. त्यावर दोघांचं वर्ष निघायचं. पाऊस चढत जाई तसं तळ्याचं पाणी खालच्या बांधाकडे सरकत यायचं, आणि मावशी रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी, बांधावर जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून यायची. एखाद्या भरीच्या वर्षी पाणी बांधाला भिडायचं आणि उतरायचं. आणखी चढलं असतं तर खाचर गेलं असतं. हे मला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, इतक्या सहज, की मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

सूक्ष्मदर्शकाचं तिला भारी कुतूहल होतं. एकदा लावणी आटोपून आल्यावर ती हात पुसत पडवीत आली आणि म्हणाली, "बगू का वाईच?" मी तिला एक डोळा मिटून बघायला शिकवलं. ते तिला जमेना, तेव्हा तिनं एका डोळ्यावर पदर धरला. बराच वेळ बघून म्हणाली, "गोल गोल दिसतंय. एक, दोन, तीन, च्यार. बास."

"तेवढंच मीठ आहे वाऱ्यात," मी म्हणालो. "फार कमी. बहुतेक पुढच्या वर्षी इथं यंत्र येणार, मीठ उडवायचं."

"कशापायी?"

"पाऊस वाढवायला."

तिनं डोळ्यावरचा पदर काढला. "आनि मीठ बख्खळ निगालं तर?"

"मग इथं काही काम नाही. यंत्र दुसरीकडं जाईल."

"पाऊस वाढला म्हंजी पानी वाढंल."

मी हसलो. मला वाटलं, तिला धरणाची दारं, नदीचं पात्र वगैरे समजावून सांगायला हवं. पण त्या वेळी एक पट्टी सुकत होती आणि मला घाई होती. "एवढं नाही वाढत, मावशी," म्हटलं आणि कामाला लागलो.

त्यानंतर माझ्या पट्ट्या बिघडायला लागल्या. श्रावणातली उघडीप होती, वारा मंद होता. खोक्यातून पट्टी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर वलयंच वलयं. एकात एक अडकलेली, मोजायला जागा नाही. मला आधी आनंद झाला, मग शंका आली, मग नुसता गोंधळ. आदल्या दिवशी चार वलयं आणि आज ही जत्रा, समुद्र तर तोच. मी दुसरी पट्टी लावली. तीही तशीच. तिसरी मात्र जवळपास कोरी.

पहिला संशय माझ्या घामावर आला. घामात मीठ असतं, बोटाचा ठसा लागला तरी पट्टी गेली. मी हात धुवायला लागलो. साबणानं, मग नुसत्या पाण्यानं, मग पुण्याहून आणलेल्या शुद्ध पाण्यानं. पट्टी फक्त चिमट्यानं उचलायची, तिच्यावर श्वास सोडायचा नाही. मावशी म्हणाली, "तुमचं सोवळं लई कडक हाय." मी रागावलो. पट्ट्या तशाच्या तशा.

दुसरा संशय शेजारच्या घरावर. तिथं पडवीत सुकट टांगलेली असायची. खारवलेली मासळी, वारा तिकडून, म्हटलं सापडलं. मी शेजाऱ्यांना सुकट आत घ्यायला लावली. त्यांनी घेतली, पण माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या ताटातला घास मोजला. पट्ट्यांत काही फरक पडला नाही. उलट एका दिवशी तर मोठा पाऊस पडून हवा धुऊन निघाल्यावर, जेव्हा वाऱ्यात मिठाचा कणही उरू नये, तेव्हाच पट्टी सगळ्यांत जास्त भरली. मी पुस्तक काढलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागलो. वाचून मला एवढंच कळलं, की एक तर पुस्तक लिहिणारा कधी मुळशीला आला नव्हता किंवा मीच आलेलो नव्हतो.

भाद्रपदात वारा फिरला. तो कधीकधी पुण्याच्या अंगानं, पूर्वेकडून यायला लागला. मी खोक्याचं तोंड फिरवलं. मनाशी म्हटलं, आता बघू. पूर्वेला ना समुद्र, ना मिठागर. पट्टी वलयांनी गच्च भरली. त्या दिवशी मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो आणि मला खरंच भीती वाटली. आपल्याला हे काम येत नाही, आपण फुकट शिकलो, आपण साहेबांना तोंड कसं दाखवणार, अशी सगळी भीती. साहेबांचे निरोप यायचे, ते दिवसेंदिवस तिखट होत चालले होते. त्यांना मीठ कमी हवं होतं. तसं ते म्हणायचे नाहीत, पण ते हवंच होतं. पुण्याहून जीपनं जाऊन यावं इतक्या अंतरावर, असा बिनचूक पाऊस पडणारा दुसरा डोंगर त्यांना कुठं मिळणार होता?

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती, पण मी तिचा संबंध कशाशी जोडला नाही. मावशीचं जेवण अळणी व्हायला लागलं होतं. आधी वाटलं, माझ्या जिभेला काही झालंय. मग कुर्डूची भाजी इतकी बेचव लागली, की मी मीठ मागितलं. मावशी म्हणाली, "संपत आलंय. पावसाळ्याची बेगमी हाय, पुरवून खायाची." खरं तर बाजार लांब, वाट चिखलाची, त्यामुळं पावसाआधीच मिठाचं मडकं भरून ठेवायची तिकडं रीत होती. मी काकांकडे पाहिलं. ते खाली मान घालून भुरकत होते. "निमूट खा," ते म्हणाले. सबंध पावसाळ्यात ते माझ्याशी जेवताना बोललेलं हे एकमेव वाक्य.

मग एके दिवशी डोंगरावर जाताना माझी चप्पल तुटली आणि मी अर्ध्या वाटेवरून परत आलो. अंगणाच्या टोकाशी मावशी उभी होती. तिच्या हातात खापर होतं, खापरात रसरशीत निखारे. ती खोक्यासमोर वाऱ्याच्या बाजूला उभी राहून मूठ त्याच्याभोवती फिरवत होती आणि ती मूठ निखाऱ्यांवर सोडत होती. मिठाचे खडे तडतडत होते. तडतडून फुटत होते, बारीक धूर निघत होता आणि वारा तो सगळा धूर अलगद माझ्या फटीत नेऊन घालत होता.

तिनं मला पाहिलं आणि तसूभरही दचकली नाही. "दिष्ट काडतीया," ती म्हणाली. "ऱ्हाऊन ऱ्हाऊन लोक येत्यात, टकामका बगत्यात तुमच्या पेटीकडं. तुमचं काम बिगडतंय म्हून."

मी तिथंच चिखलात बसलो आणि हसत सुटलो. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं होतं. बिचारी माझं काम बिघडलं म्हणून खोक्याची दृष्ट काढत होती. दृष्ट काढल्यामुळं काम बिघडत होतं, आणि बिघडलं म्हणून ती आणखी दृष्ट काढत होती. यात चूक कुणाची धरायची? आमच्या घरीही मला ताप आला की आई मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकायची. मला मावशीचा राग येईना. उलट आपल्या घरच्याइतकी माया हिनं आपल्यावर केली असं वाटलं, आणि त्या दुपारी मी अळणी आमटी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी पट्ट्या पुसत बसलो असताना मात्र माझ्या मनात एक शंका आली आणि ती जाईना. आमची आई दृष्ट काढायची तेव्हा अख्खं घर खोकत सुटायचं. मीठ, मोहरी आणि मिरच्या, तिन्ही लागतात. मिरच्यांचा खकाणा उठला नाही तर दृष्ट जबर होती असं समजतात. मी अंगणात त्या धुरात उभा होतो, आणि मला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. मोहरीचा वास नव्हता. मिरची नव्हती. खापरात फक्त मीठ होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. मावशी भाकरी थापत होती.

"मावशी, मिरच्या का नाही टाकल्या?"

तिचे हात थांबले नाहीत. "मिरच्या महाग हायेत."

"मोहरी?"

"न्हाई घातली."

"नुसत्या मिठानं दृष्ट निघते?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग माझ्याकडे वळली. "न्हाई निगत," ती म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता. मीठ बख्खळ निगालं तर यंत्र हितं यायाचं न्हाई."

मला काय वाटलं ते मी आजही एका शब्दात सांगू शकत नाही. राग आला, हे खरं. दोन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं. फसवलं गेल्याचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, ही बाई स्वतःच्या तोंडातलं मीठ काढून माझ्या पेटीला चारत होती, काका निमूट अळणी गिळत होते, हे मनात आलं आणि रागाला जोर कसा आणावा ते कळेना. मी तावातावानं बोलायला लागलो. धरणाला दारं असतात, पाणी जास्त झालं की सोडतात. मीठ उडवून पाऊस वाढला तरी तळ्यात बोटभरही फरक पडणार नाही. शिवाय तो वाढेल की नाही हेच अजून कुणाला ठाऊक नाही. मी बोट धरून दाखवलं. आकडे सांगितले. चुलीतल्या कोळशानं जमिनीवर धरणाचं चित्रही काढलं.

ती सगळं ऐकून घेत होती. मग ती खाली, माझ्या चित्राशेजारी बसली. त्या दिवसापासून ती मला अरेतुरे करायला लागली.

"माजं म्हायार कुटं हाय ठावं हाय का तुला?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं दारातून तळ्याकडं बोट केलं, पाण्याच्या मधोमध. "तितं. मी परकरी पोर व्हते. मोजनीवाला एक सायेब आमच्याच वसरीला उतरला व्हता. लई ग्वाड मानूस. आमचा भात खायाचा, मला गोळ्या द्यायाचा. माज्या बानं त्याला इचारलं, पानी कुटवर यील? त्यानं असंच चित्तर काडलं. म्हनला, तुमच्या दारापत्तुर न्हाई येत, घाबरू नगा. जाताना बी म्हनला, घाबरू नगा. आनि त्यो खोटा न्हवता बरं का. त्याला तसंच वाटत व्हतं."

मी पायानं ते चित्र पुसून टाकलं.

साहेबांना सांगणं भाग होतं. त्याबद्दल माझ्या मनात कधी दुमत नव्हतं. खोट्या मिठावर खरा निष्कर्ष काढून द्यायचा तर मी शिकलो कशाला? पुढच्या खेपेला जीप आली तेव्हा मी साहेबांना अंगणात उभं करून सगळं सांगितलं, मावशीनं का केलं तेसुद्धा. साहेब आधी लालबुंद झाले, मग इतके हसले की त्यांना थर्मासमधलं पाणी प्यावं लागलं. मावशीच्या हातचा गुळाचा चहा त्यांनी घेतला आणि तिच्याशी ते अदबीनं बोलले. "मावशी, तुमच्या खाचराला काही होणार नाही," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "व्हय सायेब." मग आम्ही खोकं उचलून वर डोंगराच्या माथ्यावर नेलं, जिथं चूल नाही की निखारा नाही.

गंमत म्हणजे तिथंही काही कळलं नाही. कधी पट्टी कोरी, कधी भरलेली. जोराचा वारा असूनही कोरी आणि वारा पडलेला असताना भरलेली. मावशी तिथवर येत नव्हती, याची मी स्वतः खातरी करून घेतली होती. मी साहेबांना विचारलं, "याचा अर्थ काय?" साहेब म्हणाले, "सरासरी कमीच आहे." माझ्या मते ती कमीही नव्हती नि जास्तही नव्हती. त्या वलयांना काही सांगायचंच नव्हतं, किंवा आम्हाला ऐकता येत नव्हतं. पण साहेबांचं ठरलं. यंत्र पुढच्या वर्षी मुळशीत येणार.

ते आलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. पुढच्या वर्षी वरच्या कचेरीतून कुणीतरी निराळंच ठरवलं आणि मीठ दुष्काळी मुलखात गेलं. तिथं त्यानं पाऊस वाढला की नाही यावर साहेब आणि त्यांचे विरोधक निवृत्त होईपर्यंत भांडत राहिले. माझ्या पट्ट्यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता आणि मावशीच्या मिठाचाही नव्हता. पण मी मुळशी सोडली त्या आश्विनातल्या सकाळी हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही यंत्र येणार असं धरूनच उभे होतो.

भात निसवला होता. तळं काठोकाठ होतं आणि खालच्या बांधापासून चार हात अंतरावर थांबलं होतं. मी ट्रंक डोक्यावर घेऊन निघालो, तेव्हा मावशी वाटेपर्यंत आली. काका ओट्यावरून हात वर करून पुन्हा तंबाखू मळायला लागले. मी तिच्या पाया पडलो. निखाऱ्यांवरच्या मिठाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. साहेबांना सांगितल्याबद्दलही नाही. तिनं एवढंच विचारलं, "फुडल्या साली खालचं खाचर लावू का नगं?"

माझ्याजवळ सगळं तयार होतं. धरणाची दारं, बोटभर पाणी, सरासरी. घाबरू नका, लावा, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा. आणि ते शब्द तोंडात आले तसे मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटले, त्या ओसरीवर उतरलेल्या गोड माणसाचे. माझं डोकं त्या पावसाळ्यात इतकं गोंधळलं होतं, की मला खरोखरच काही कळत नव्हतं. हवेत मीठ आहे की नाही, ते उडवून पाऊस येतो की नाही, पाणी कुठवर येईल, काहीच नाही.

"मावशी, मला माहीत नाही," मी म्हणालो.

शिकलेला माणूस आणि एवढंही सांगता येत नाही, असं तिला वाटलं असेल, असं मनात आलं.

"आमच्या बाला त्या सायेबानं येवडं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर त्यानं भांडीकुंडी तरी आदी वर आनली असती."

मग तिनं ट्रंकेला हात लावून ती माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि बांधाकडं पाणी बघायला गेली.